यादीत नसलेली पोर

मानवीर पुन ज्या नऊ माणसांना पोसतो म्हणून जपानी सरकारला लिहून देत होता, त्या नऊ जणांत त्याची स्वतःची मुलगी नव्हती. ती नसावी हा सल्ला माझा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाकडून ऐकून माझ्या दुकानात येऊन नाक मुरडायला नको.

दुकान नागोयाच्या बाहेरच्या एका स्टेशनामागे आहे. डाळी, मोहरीचं तेल, गोठवलेलं बकऱ्याचं मटण, फोनची कार्डं. त्याखेरीज एक धंदा बिनपैशाचा, तो म्हणजे लोकांचे फॉर्म भरून देणं. या देशात माझी एकोणीस वर्षं झाली. जपानी वाचता येतं, त्यामुळे आसपासच्या प्रत्येक नेपाळी आचाऱ्याला वाटतं की भीमा दिदीला सगळं कळतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मानवीर अकरा वर्षांपूर्वी आला, बागलुङकडच्या गल्कोटचा. आमच्या भागातले निम्मे आचारी तिकडचेच. तंदूरवर नान लावायचं काम, त्यामुळे उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही. गावी बायको सहा वर्षांची पोर मागे ठेवून वारलेली, पोर थोरल्या भावाच्या घरात वाढत होती. एकत्र कुटुंब. आई, थोरला भाऊ गजबीर, भावजय, मधला भाऊ, त्याची बायको, एक विधवा बहीण आणि गजबीरची तीन मोठी मुलं, एकाच चुलीवर जेवणारी. मानवीर दर महिन्याला ऐंशी हजार येन काढायचा. सुट्टीला निघालेल्या गावच्या माणसाच्या हातात द्यायचा, कुणी नसलं तर हुंडीनं. बँकेपेक्षा भाव बरा मिळायचा. सगळे पैसे थेट थोरल्या भावाच्या हातात जायचे. कुणाची वही, कुणाचं पुस्तक, कुणाचं औषध, ते तो बघायचा. आमच्याकडे असंच चालतं. भावाकडून पावती मागितली असती तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पहिल्या वर्षी टॅक्सचा कागद घेऊन आला. मी विचारलं, "घरी कोण कोण आहे तुझ्यावर अवलंबून?"

"सगळेच, दिदी."

"मग सगळ्यांची नावं लिही. एकेका नावामागे टॅक्स कमी होतो."

त्यानं नऊ नावं सांगितली, आणि दहावं नाव जुनमाया, वय सहा.

"सोळाच्या आतल्या पोरांचा काही फायदा नाही," मी म्हटलं. "सोड ते. उगाच जागा अडते."

त्यानं सोडलं. पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून तसाच उतरवला. त्याच्या पुढच्या वर्षीही. आपण सगळे हेच करतो ना? एकदा चालून गेलेला कागद कोण उघडून बघतो? जुनमाया सोळाची झाली तेव्हाही कुणाच्या ध्यानात आलं नाही. टॅक्स शून्य, मानवीर खूश आणि मीही खूश. बाकीचे आचारी म्हणायचे, "दिदी, आमचंही मानवीरसारखं करून दे."

मग मागच्या पावसाळ्यात भावजय आजारी पडली. त्यातच मानवीरच्या मनानं घेतलं की पोरीला इकडे आणायचंच. अठराची व्हायच्या आत मंजुरी मिळाली नाही, तर वडिलांच्या व्हिसावर येणं जवळजवळ बंद. ती अठराची होणार होती आमच्या नेपाळी पंचांगातल्या चैताच्या बारा तारखेला, म्हणजे मार्चअखेर.

तेव्हापासून तो माणूस घड्याळासारखा चालायला लागला. हॉटेलच्या मालकानं दिलेल्या खोलीत तो आणि दोन आचारी राहायचे. तिथे पोर कशी आणणार? सरकारलाही पोरीसाठी जागा आहे का ते दाखवावं लागतं. माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. भाडं अठ्ठेचाळीस हजार. पण भाडं दिलं की संपलं असं इथे नसतं. अनामत वेगळी. घरमालकाला खुशीचे म्हणून द्यायचे ते वेगळे, आणि ते परत मिळत नाहीत. दलालाचे, हमी घेणाऱ्या कंपनीचे, आगीच्या विम्याचे. शेवटी कुलूप बदलल्याचे पंधरा हजार.

"कुलूप तर ठीक आहे की," मानवीर दाराशी उभा राहून म्हणाला.

"ते जुन्या भाडेकरूकडे किल्ली असेल म्हणून."

"त्याला काय मिळणार माझ्याकडून? नान?"

त्या दिवशी तो शेवटचा मोकळेपणानं हसला. पोरीची खोली त्यानं सजवली. एक लिहायचं टेबल, एक गादी, गुलाबी पडदा. स्वतःच्या खोलीत हीटर लावायचा नाही, कोट घालून झोपायचा. जेवण हॉटेलात, सुट्टीच्या दिवशी उकडलेले बटाटे. पोरीचं विमान, इथल्या शाळेची फी, भाषेचा क्लास यासाठी त्यानं नऊ लाख येन बाजूला काढले होते. त्याला हात लावायचा नाही, असं मला रोज सांगायचा. मी काय त्याची बँक होते?

पोरीसाठी केलेल्या अर्जावर माघात इमिग्रेशनचं पत्र आलं. सोमवार होता. तो हॉटेलातून पीठ लागलेल्या हातांनीच धावत आला आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

मी वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"काय म्हणतात?"

"चौदा दिवसांत उत्तर द्यायचंय. नऊ जणांना पैसे पाठवल्याचे पुरावे, एकेकाच्या नावानं. आणि..." मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि विचारतात, ज्या मुलीला तुम्ही सांभाळता म्हणता, तिचं नाव तुमच्यावर अवलंबून असलेल्यांत एकाही वर्षी का नाही?"

त्याला राग यायला हवा होता. मी वाट बघत होते त्याची. पण तो म्हणाला, "मग आता काय लिहायचं, दिदी?" जणू मी अजूनही ती सगळं कळणारी बाईच होते.

मी यादी उघडली. नऊ नावांवरून बोट फिरवताना थांबले. "आमा तर तीन वर्षांपूर्वी गेल्या ना?"

तो खाली बघायला लागला. "खोडवेना."

मेलेल्या बाईच्या नावानं तीन वर्षं टॅक्स वाचवला, असं सरकार म्हणणार. आईचं नाव खोडायला हात उठला नाही, हे कुठल्या भाषेत सांगायचं?

दुसऱ्या दिवशी कागदांची दलाली करणारा चक्र बहादुर आला. कुणाला काय लागतं ते त्याला बरोबर कळतं, वासच येतो त्याला. काउंटरवर रेलून मानवीरला म्हणाला, "पैसे पाठवल्याच्या पावत्या? पाच वर्षांच्या, नऊ नावांच्या, शिक्क्यासकट. तीस हजारात. तुझ्यासाठी पंचवीस, भाइ."

खोटं कशाला बोलू, मी गल्ल्यात हात घातला होता. चूक माझी होती, पंचवीस हजारांत मिटली असती तर मी जन्मभर चक्रला चहा पाजला असता. मानवीरनं माझा हात धरला.

"पकडलं गेलं तर?"

"कोण पकडतंय?" चक्र म्हणाला.

"पकडलं गेलं तर पोरगी पुन्हा कधीच येणार नाही. या वर्षीही नाही, नंतरही नाही. तुम्ही जा, दाइ."

"साधू झालाय साला," चक्र जाताजाता म्हणाला. "साधूंना व्हिसा मिळत नाही!"

दुसरा रस्ता एकच होता. आपण होऊन टॅक्सच्या ऑफिसात जायचं, चुकलं म्हणायचं, पाच वर्षांचा टॅक्स भरायचा, त्याच्या पावत्या इमिग्रेशनला दाखवायच्या. बुधवारी दुकान बंद ठेवून मी त्याच्याबरोबर गेले. टेबलामागचा अधिकारी तरुण होता, अतिशय नम्र. त्यानं एकेक नाव वाचलं.

"गजबीर पुन. मोठे बंधू. पैसे पाठवल्याचा पुरावा?"

"नाही."

"हे नाव वगळू?"

"हो."

असं नऊ वेळा. मी भाषांतर करत होते आणि प्रत्येक वेळी 'हो' म्हणताना मानवीरचा आवाज आणखी बारीक होत होता. आमाच्या नावाशी अधिकाऱ्यानं वर बघितलं, तारीख विचारली, आणि काही न बोलता पुढे गेला. त्याच्या त्या न बोलण्यानं मला जास्त लाज वाटली.

टॅक्स ऑफिसातलं त्याच दिवशी भरलं. नगरपालिकेनं आपल्या टॅक्सचा आकडा काढायला चार दिवस घेतले. दोन्ही मिळून, दंड धरून, आठ लाख चाळीस हजार. नऊ लाखांतून तेवढे गेल्यावर उरले त्यातून भाडं द्यायचं आणि महिना काढायचा.

पण पैसे भरून प्रश्न सुटला नव्हता. मुलीला तूच सांभाळतोस, हे कोण सांगणार? पैसे भावाच्या हातात गेलेले. म्हणजे भावानंच वडा कार्यालयात, गावच्या वॉर्ड ऑफिसात, जाऊन शिक्क्यानिशी लिहून द्यायला हवं, की या मुलीचा खर्च तिच्या बापाच्या पैशांवर चालला. शाळेचं पत्रही हवं. पत्र आल्याला आठ दिवस झाले होते. मंगळवारी हॉटेल बंद असतं. दुपारी माझ्या दुकानातून त्यानं फोन लावला, व्हिडिओवर. गजबीर दाइ (थोरल्या भावाला आमच्यात दाइ म्हणतात) अंगणात बसले होते, कानटोपी घालून.

"बोल रे. पोरीचं झालं का?"

"दाइ, कागदपत्रांत एक अडचण आलीय." मानवीरनं फोन दोन्ही हातांनी धरला. "टॅक्सच्या कागदावरची नावं काढावी लागली."

"कुणाची नावं?"

"सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे? माझं?"

"हो."

"आमाचं?"

"हो, दाइ."

तिकडे कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं.

"म्हणजे वेगळा निघालास," गजबीर दाइ म्हणाले.

"नाही हो दाइ! ते तसं नाही, ते फक्त जपानच्या..."

"कागदावरून भावाचं नाव काढलंस, आईचं काढलंस. आणखी वेगळं निघणं कसं असतं? वाटणी करायला माणसं बोलावू का? सांग. तारीख सांग."

मला राहवलं नाही. फोन हिसकावून घेतला. "दाइ, नमस्कार. मी भीमा. चूक माझी आहे. मीच त्याला..."

"तुम्ही कोण? दुकानवाल्या? भावाभावांचं घर फोडायचं कमिशन किती घेता?"

माझ्या नवऱ्यानंही कधी मला असं गप्प केलेलं नाही. तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. दोन वेण्या, शाळेचा निळा शर्ट. तिनं ठुलबांच्या, थोरल्या काकांच्या, खांद्यावरून फोनमध्ये डोकं घातलं.

"बा, नावं काढली तर काढली. माझं तरी ठेवलंत ना?"

मानवीर माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता. मी फोन त्याच्याकडे केला. त्याला खोटं बोलता आलं असतं, पोरीला कुठे कळणार होतं? पण तो माणूस तसा नाही, आणि त्या दिवसांत तर अजिबात नव्हता.

"तुझं नव्हतंच, पोरी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडली नाही. मागे सरकली आणि दिसेनाशी झाली. गजबीर दाइंनी एकदा तिच्याकडे मान वळवून बघितलं, एकदा फोनकडे, आणि फोन बंद केला.

पुढचे चार दिवस कसे काढले ते मला माहीत. मानवीरनं रोज फोन लावले. गजबीर दाइ घेईनात. जुनमायाही घेईना. मधल्या भावानं एकदा उचलला आणि म्हणाला, "दाइ कालपासून घरात नाहीत. कुठे गेले, सांगितलं नाही. तू कशाला ते नावाचं सांगितलंस? गप बसायचं होतं." मानवीरनं तंदूरमध्ये हात भाजून घेतला. एका नानऐवजी दोन नान एकमेकांवर लावले. मालक ओरडला. रात्री वर त्याच्या पावलांचा आवाज यायचा, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत. मी नवऱ्याला म्हणायची, "जाऊन बघ ना." तो म्हणायचा, "जाऊन काय सांगू? तुझी बायको चुकली म्हणून?"

मी स्वतःला फार शिव्या घातल्या. पण त्याचा काय उपयोग! माझ्या एका शहाणपणानं एका मुलीला वाटलं की बापानं आपल्याला मोजलंच नाही, आणि बापाला आता ते खोटं ठरवायला एक शिक्का मिळत नव्हता.

तेराव्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते तर मानवीर फोन घेऊन खाली आला. एकामागून एक फोटो. वडा कार्यालयाचं नातं प्रमाणित केलेलं पत्र, लाल शिक्का. गजबीर पुन यांचं लिहून दिलेलं, की माझ्या मुलांत वाढलेली ही मुलगी माझ्या धाकट्या भावाची, तिचं जेवण, कपडे, शिक्षण अकरा वर्षं त्याच्या कमाईवर झालं. खाली सही, आणि सही पुरेशी वाटली नाही म्हणून की काय, दोन्ही अंगठे. शाळेचं पत्रही होतं. वडा अध्यक्ष बाहेरगावी होता म्हणून गजबीर दाइ त्याच्या मागे बागलुङ बाजारला गेले, तिथे एक रात्र राहिले, ते नंतर कळलं. फोटोंबरोबर एक अक्षर नव्हतं.

दुपारभर बसून मी भाषांतर केलं. इतकं तपासून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. मुलीचं नाव का नव्हतं, या प्रश्नाखाली मी लिहिलं की सल्ला देणारीला नियम अर्धाच माहीत होता, टॅक्स कमी होत नसला तरी पोराचं नाव लिहायचंच असतं हे तिला ठाऊक नव्हतं. माझं नाव, पत्ता, फोन सगळं दिलं. मानवीर म्हणाला, "दिदी, तुमचं दुकान..." मी म्हटलं, "गप बस." चौदाव्या दिवशी तो बंदराकडच्या इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन कागद देऊन आला.

मग फक्त वाट बघायची. पाच आठवडे. चैत लागला. पोस्टमनची मोटरसायकल वाजली की आम्ही दोघंही बाहेर. तीन तारीख गेली, मग चार, मग पाच. सहा तारखेला जाड पाकीट आलं. त्याला फाडता येईना, मीच कात्रीनं कापलं. मंजूर झालं होतं.

मी ओरडले. मोठ्यानं ओरडले, समोरच्या न्हाव्यानं डोकावून बघितलं. मानवीर तिथेच तेलाच्या डब्यावर बसला. मग म्हणाला, "तिकीट?"

तिकिटाचे पैसे टॅक्समध्ये गेले होते. पगार व्हायला तीन आठवडे. मालकाकडे उचल मागितली तर तो म्हणाला, पगाराच्या दिवशी सगळ्यांबरोबर. मी म्हटलं, मी देते. मानवीर म्हणाला, तुमचं दुकानही उधारीवर चालतं, मला माहीत आहे. आमचं भांडण झालं. चांगलं दणदणीत झालं, गिऱ्हाईक परत गेलं. पाकिटातला कागद त्यानं कुरिअरनं गावी पाठवला आणि लिहिलं, व्हिसा काढून ठेव, तिकिटाचं बघतो. गजबीर दाइंचा फोन अजूनही लागत नव्हता. जुनमाया एकदोन शब्द लिहायची. 'बरं.' 'झालं.' 'आम्ही काठमांडूला चाललो.'

वीस दिवसांनी, हॉटेल बंद असतानाच्या दुपारी, तो माझ्याकडे आलं-लसूण घ्यायला आला होता. फोन वाजला. नेपाळचा नंबर. त्यानं स्पीकर लावला, हात ओले होते म्हणून.

"बा, मी एअरपोर्टवर आहे," जुनमाया. मागे प्रचंड कलकलाट. "व्हिसा परवाच मिळाला. उद्या सकाळी पोहोचते. ठुलबा म्हणाले, आधी सांगू नको."

"उद्या? अगं, तिकीट कुठून..."

फोनची ओढाताण झाली. मग गजबीर दाइंचा आवाज. दोन महिन्यांनी.

"ऐक. पोरीच्या पिशवीत तूप आहे, ते काढून घेतील म्हणतात, घेऊ देत. तिला रिकाम्या पोटी झोपवू नकोस, तिला पित्त होतं. तिकीट मी काढलंय. दोन्ही म्हशी विकल्या."

"दाइ! म्हशी कशाला..."

"माझ्या होत्या, विकल्या." मग ते थोडं थांबले. "मानवीर, ते तुझ्या त्या कागदात कुठे बसतं का, बघ."

आणि फोन ठेवून दिला.

मानवीर काउंटरला धरून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो ते पुसतही नव्हता. माझ्याकडे बघून त्यानं खरोखरच विचारलं, "दिदी, बसतं का हो कुठे?"

एकोणीस वर्षं मी लोकांचे कागद भरतेय. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, हे मला कुणी विचारलं आणि मी गप्प राहिले असं कधी झालं नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "नाही रे. कुठेच बसत नाही," आणि मीही रडायला लागले.